गुरुजींचे बारा लाख: एका बुडीत ठेवीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली ही हकीकत. ज्यांची आहे त्यांच्या संमतीने लिहितो आहे. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी निवृत्त बँक अधिकारी. गेली काही वर्षं ठेवीदारांचे अर्ज भरून देणं आणि त्यांच्यासोबत कचेऱ्यांमध्ये जाणं एवढं काम करतो.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मे २०२१ मध्ये निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनच्या काही भागाऐवजी मिळणारी एकरकमी रक्कम) आणि फंडाचे मिळून पैसे आले. त्यातून घराचं उरलेलं कर्ज फेडलं, मुलीच्या लग्नासाठी थोडे बाजूला ठेवले आणि बारा लाख शिल्लक राहिले. त्या वेळी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचा व्याजदर ७.४ टक्के होता. बारा लाखांवर दर तिमाहीला २२,२०० रुपये हाती आले असते. हा हिशेब गुरुजींनी वहीत मांडलाही होता. मी ते पान पाहिलं आहे. त्याखाली दुसऱ्या शाईने लिहिलं होतं, "दरमहा ४८,०००."

तो दुसरा आकडा त्यांच्या भाच्याने सांगितलेला. सख्ख्या बहिणीचा मुलगा, मामांच्या घरी राहून दहावी झालेला. एस.टी. स्टँडसमोरच्या इमारतीत एका भागीदारी फर्मचं ऑफिस होतं. लोकांचे पैसे घेऊन शेअर बाजारात ट्रेडिंग करायचं आणि महिन्याला ४ टक्के परतावा द्यायचा, असा त्यांचा व्यवसाय. भाच्याने स्वतःचे दोन लाख गुंतवले होते, शिवाय नवा माणूस आणला की त्याला कमिशन मिळायचं. भिंतीवर फ्रेममध्ये शॉप अॅक्टची पावती, उद्यम प्रमाणपत्र आणि जीएसटी नोंदणी लावलेली. "मामा, सगळं सरकारमान्य आहे," असं तो म्हणाला, आणि तेव्हा त्याचाही त्यावर विश्वास होता.

या तीन कागदांवर थोडं थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक ठेवीदाराने हेच कागद पाहून पैसे दिलेले असतात. शॉप अॅक्टखाली दहापेक्षा कमी कामगार असले तर परवानाही नसतो, दुकान उघडल्याची सूचना दिली एवढीच ती पावती. जीएसटी ही कराची नोंद आहे. उद्यम म्हणजे आपण लघुउद्योग आहोत, असं धंदेवाल्याने स्वतः सांगून घेतलेलं प्रमाणपत्र. लोकांकडून पैसे घ्यायची परवानगी यातला एकही कागद देत नाही. ती परवानगी केंद्राच्या कायद्यांतून येते. दुसऱ्याच्या पैशावर त्याच्या वतीने बाजारात व्यवहार करायचे असतील तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी लागते, आणि २०२० पासून अशा नोंदणीकृत व्यवस्थापकाला एका ग्राहकाकडून पन्नास लाखांच्या खाली रक्कम घेताच येत नाही. म्हणजे जो माणूस तीन लाख घेऊन "तुमच्यासाठी ट्रेडिंग करतो" म्हणतो, तो त्या चौकटीच्या बाहेर आहे हे रकमेवरूनच कळतं. आर्थिक व्यवहार करणाऱ्या भागीदारी फर्मने जनतेकडून ठेवी घेण्याला रिझर्व्ह बँक कायद्याच्या ४५एस कलमाचीही बंदी आहे. आणि २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा लागू आहे.

गुरुजींनी १० नोव्हेंबर २०२१ रोजी तीन लाख दिले. पाचशेच्या मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार झाला, नोटरी झाली, आणि मुदत संपण्याच्या तारखेचा तीन लाखांचा चेक हातात पडला. करारात "ठेव" हा शब्द कुठेही नव्हता, होता "सहभाग रक्कम". डिसेंबर ते मार्च दर महिन्याच्या दहा तारखेला बारा हजार खात्यात आले. मार्च २०२२ मध्ये त्यांनी उरलेले नऊ लाखही दिले. एप्रिलपासून दरमहा ४८,००० येऊ लागले. पैसे आल्याचा मेसेज वाजला की गुरुजींच्या पत्नी, बाई, देवाजवळ साखर ठेवायच्या.

अडचण

ऑक्टोबर २०२२ मध्ये हप्ता आला नाही. त्याच महिन्यात पहिल्या कराराची मुदतही संपली. फर्मने सांगितलं की बँकेत तांत्रिक अडचण आहे, चेक टाकू नका, पैसे रोखीने देऊ. नोव्हेंबरमध्ये एका मंगल कार्यालयात बैठक झाली. पडद्यावर नफ्याचे आलेख दाखवले गेले, चहा-पोहे झाले, पुढची तारीख मिळाली. भाचा रोज घरी येऊन विनवत होता, "मामा, थोडं थांबा, तुम्ही गडबड केली तर सगळेच बुडतील."

डिसेंबरमध्ये फर्मने एक नवा कागद पुढे केला. त्यात जुना करार रद्द, बारा लाख रुपये "हातउसने" घेतले असं दाखवलेलं, फेड दोन वर्षांनी, आणि खाली एक प्रतिज्ञापत्र की आमची कोणतीही तक्रार नाही, पोलिसांत जाणार नाही. सही करतील त्यांना पन्नास हजार लगेच मिळणार होते.

तो कागद घेऊन गुरुजी माझ्याकडे आले ती तारीख १८ जानेवारी २०२३. शाळेत हजेरीपट घेऊन यायचे तसे दोन्ही हातांनी फाईल धरून दारात उभे होते. आतले कागद तारखेवार लावलेले, बँकेचं पासबुक, मेसेजचे प्रिंट, सगळं होतं. त्यांना तोवर किती मिळालं याचा हिशेब केला: चार वेळा बारा हजार आणि सहा वेळा अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे ३,३६,०००. येणं राहिलं ८,६४,०००. तीन लाखांच्या चेकवर १० ऑक्टोबर २०२२ अशी तारीख होती. चेक तीन महिने चालतो. तो आठ दिवसांपूर्वी बाद झाला होता.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी आम्ही चार वाटा कागदावर लिहिल्या.

पहिली म्हणजे नव्या कागदावर सही करून पन्नास हजार घ्यायचे. बाईंचा कल इकडे होता, आणि मी त्यांना दोष देत नाही. घरात किराणा उधारीवर येत होता. पण "हातउसने" हा शब्द तिथे उगाच घातलेला नव्हता. राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, ठेव परत न करणाऱ्या वित्तीय संस्थेवर चालतो. व्यवहार दोन माणसांतली उसनवारी ठरला की या कायद्यातून निसटायला फर्मला वाट मिळते. कायद्यातली "ठेव" ही व्याख्या फार रुंद आहे: ठरावीक मुदतीनंतर किंवा अन्यथा, रोख, वस्तू किंवा सेवेच्या रूपात परत करायचे म्हणून घेतलेले पैसे. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तू-बाजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये हीच व्याख्या व्यापक अर्थाने वाचली. त्यामुळे करारात "सहभाग रक्कम" लिहिलंय याची मला फारशी काळजी वाटत नव्हती. काळजी होती ती गुरुजींच्या स्वतःच्या नव्या सहीची.

दुसरी वाट सेबीची. गुरुजींच्या मनात हीच पक्की होती: शेअर बाजार म्हणजे सेबी. पण सेबीचं स्कोअर्स हे तक्रार पोर्टल नोंदणीकृत दलाल, कंपन्या, फंड अशांसाठी आहे. ज्याने नोंदणीच केली नाही त्याच्याविरुद्ध तिथे हप्ता वसूल होत नाही. सेबी अशा माणसावर बंदी आणू शकते, पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकते, पण तालुक्यातल्या फर्मपर्यंत ती चौकशी कधी पोचेल यावर आम्हाला विसंबता येत नव्हतं.

तिसरी वाट दिवाणी दाव्याची आणि चेकच्या खटल्याची. दावा एकट्याचा असतो, खर्च एकट्याचा, आणि निकाल लागेपर्यंत फर्मकडे काही उरेल याची खात्री नसते. मार्चमध्ये दिलेल्या नऊ लाखांचा चेक मात्र अजून जिवंत होता, त्यावर १४ फेब्रुवारीची तारीख होती.

चौथी वाट एमपीआयडीखाली पोलिसांत गुन्हा नोंदवण्याची. हा १९९९ चा राज्याचा कायदा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला होता, कारण हा विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे असं त्यांचं मत पडलं. पुढे तमिळनाडूच्या तशाच कायद्याच्या निमित्ताने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य केलं आणि महाराष्ट्राचा कायदाही उभा राहिला. माझ्या दृष्टीने ठेवीदाराला हा इतिहास माहीत असणं गरजेचं आहे, कारण त्यातून कामाची वाटणी कळते. केंद्राचे कायदे मुख्यतः दाराशी उभे असतात: कोणी पैसे घ्यावेत, कोणी घेऊ नयेत. राज्याचा हा कायदा पैसे गेल्यानंतर कामाला येतो: मालमत्ता शोधा, जप्त करा, विका, ठेवीदारांत वाटा. फर्मची मालमत्ता पुरी पडली नाही तर भागीदारांच्या खासगी मालमत्तेपर्यंत सरकारला जाता येतं.

चौथ्या वाटेत एक काटा होता आणि तो कोणी बोलून दाखवत नव्हतं. गुन्हा नोंदवला की एजंट कोण हा प्रश्न येणार. केंद्राच्या २०१९ च्या कायद्यात तर जाणूनबुजून खोटं आश्वासन देऊन लोकांना अशा योजनेत ओढणं हा वेगळा गुन्हाच आहे. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाच्याला वाचवायचं म्हणून मी खोटा कागद लिहिणार नाही. पण त्याला आधी सांगीन."

काय केलं

त्यांनी भाच्याला घरी बोलावून समोर बसवून सांगितलं. तीन दिवस तो फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक वही होती: त्याने आणलेल्या एकतीस माणसांची नावं, रकमा, आणि स्वतःला मिळालेलं कमिशन.

सेबीकडे आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत या बेकायदा ठेवींच्या तक्रारींसाठीच्या पोर्टलवर, असं आम्ही दोन्हीकडे लिहिलं, पण वसुलीची आशा धरून नव्हे, माहिती म्हणून. त्याचा एक उपयोग पुढे झाला. ही फर्म आमच्याकडे नोंदणीकृत नाही, असं लेखी उत्तर सेबीकडून आलं आणि ते पोलिसांच्या कागदपत्रांत लागलं.

चेकच्या बाबतीत तारीख महत्त्वाची होती. पोलिसांनी फर्मची खाती गोठवल्यानंतर चेक टाकला असता तर "खाते गोठवले आहे" या शेऱ्याने परत आला असता, आणि मग आरोपी म्हणतो की पैसे देणं माझ्या हातात नव्हतं. त्यावर खटला टिकवणं अवघड जातं. म्हणून १४ फेब्रुवारीला बँक उघडल्या उघडल्या चेक भरला. "रक्कम अपुरी" असा शेरा घेऊन तो दोन दिवसांत परत आला. बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, समोरच्याला पंधरा दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार करावी लागते. या तिन्ही तारखा गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केल्या होत्या.

पण माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झालं, आणि ते एका पानावर झालं. फर्मच्या मोठ्या भागीदाराची शेजारच्या गावात तीन एकर बागायत होती. त्याचा सातबारा आम्ही ऑनलाइन काढला. खाली "प्रलंबित फेरफार" या रकान्यासमोर "नाही" असं असतं, तिथे फेरफार क्रमांक छापलेला होता, म्हणजे मालकी बदलाची नोंद व्हायची बाकी होती. फेरफाराच्या नोटिसा दाखवणाऱ्या 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर नोटीस पाहिली. डिसेंबर २०२२ मधलं खरेदीखत, घेणारा भागीदाराचा मेहुणा. दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढली, तर दाखवलेली किंमत रेडीरेकनरच्या जवळपास, आणि खरेदीखतात पैसे "पूर्वीच रोख पोचले" अशी नोंद. हप्ते ऑक्टोबरमध्ये थांबले आणि जमीन डिसेंबरमध्ये मेहुण्याच्या नावावर गेली.

आम्ही तलाठ्याकडे हरकत दिली. तलाठी म्हणाले, जमिनीत तुमचा हितसंबंध नाही, हरकत टिकणार नाही. ते कायद्याने बरोबरच होते. तरी अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, कारण पुढे तोच तारखेचा पुरावा झाला. ठेवीदारांना बुडवण्यासाठी केलेली हस्तांतरणं एमपीआयडीच्या ८ व्या कलमाखाली न्यायालयाला तपासता येतात, पण त्यासाठी असं हस्तांतर झालंय हे कोणीतरी आधी दाखवावं लागतं. त्यानंतर गुरुजी आणि आणखी दहा ठेवीदार कामाला लागले. कोणी आरटीओकडून गाड्यांची माहिती काढली, कोणी गाळ्याचा सिटी सर्व्हे उतारा. एकाने फर्मने ज्या खात्यांतून पैसे पाठवले त्या सगळ्या खात्यांची यादी ठेवीदारांच्या पासबुकांवरून तयार केली.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर "हा दिवाणी मामला आहे" असंच मिळालं. त्यावर अकरा जणांनी एकत्र सही करून पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज दिला, सोबत मालमत्तेची यादी. मार्चअखेर फसवणूक, विश्वासघात आणि एमपीआयडीच्या कलमांखाली गुन्हा दाखल झाला आणि तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. आठवडाभरात खाती गोठवली गेली.

निष्पत्ती

फर्मचे एकूण ३८० ठेवीदार निघाले आणि येणं एकोणीस कोटींच्या आसपास. मालमत्ता जप्तीची अधिसूचना राजपत्रात यायला गुन्हा नोंदल्यापासून अकरा महिने लागले. उपविभागीय अधिकारी सक्षम प्राधिकारी नेमले गेले, त्यांनी विशेष न्यायालयात अर्ज केला, आणि फर्मचा गाळा, एक फ्लॅट, दोन गाड्या आणि खात्यांतल्या रकमा यांच्यापुरती जप्ती कायम झाली. सगळ्याची मिळून किंमत साडेसहा-सात कोटींच्या पुढे जात नाही.

गाड्या आणि खात्यांच्या रकमेतून पहिली वाटणी झाली, मंजूर येण्याच्या १५ टक्के. गुरुजींना १,२९,६०० रुपये मिळाले. त्यांनी मिळालेले ३,३६,००० दावा अर्जात स्वतःहून दाखवले होते. काहींनी ते लपवले आणि लेखापरीक्षणात पासबुकांवरून उघडकीला आल्यावर त्यांचे अर्ज मागे पडले.

तीन एकर बागायत जप्तीत आहे, पण मेहुण्याने हरकत घेतली आहे आणि त्यावर सुनावणी चालू आहे. ती जमीन ठेवीदारांच्या बाजूने आली तर आणखी एक वाटणी होईल. चेकचा खटलाही चालू आहे. भाच्याला पोलिसांनी साक्षीदार केलं. त्याने कमिशनची रक्कम तपासात जमा केली. त्याच्यासारखं काम करणारे दुसरे दोघे, ज्यांनी हप्ते थांबल्यानंतरही नवे पैसे आणले, ते आरोपी आहेत. गुरुजींच्या बहिणीने मात्र दोन वर्षं भाऊबीज केली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयाचा क्षण नोव्हेंबर २०२१ चा, हे उघड आहे. पण गुरुजींना मी विचारलं की कोणत्या दिवशी परत जावंसं वाटतं, तर त्यांनी मार्च २०२२ सांगितलं. तीन लाख हा त्यांनी घेतलेला धोका होता. नऊ लाख त्यांनी चार हप्ते वेळेवर आले म्हणून दिले. वेळेवर आलेला हप्ता योजना कायदेशीर असल्याचा पुरावा नसतो, आणि त्या चार महिन्यांत सेबीच्या संकेतस्थळावर फर्मचं नाव शोधायला पाच मिनिटंही लागली नसती.

दुसरा क्षण ऑक्टोबर ते जानेवारीचा. चेक टाकू नका, हे फर्मचं म्हणणं ऐकल्यामुळे तीन लाखांचा चेक हातचा गेला. चेक परत आला असता म्हणून काही बिघडलं नसतं, उलट कसूर झाल्याची पक्की तारीख ऑक्टोबरमध्येच मिळाली असती आणि डिसेंबरचं खरेदीखत आणखी संशयास्पद ठरलं असतं. त्या तीन महिन्यांत फर्मने जमीन हलवली. बैठकीत चहा-पोहे खाणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकानेही सातबारा काढला नव्हता, आणि ही खंत मला सगळ्यात जास्त आहे, कारण तो पंधरा रुपयांत डिजिटल सहीसह मिळतो.

माझ्याकडूनही एक गोष्ट राहिली. केंद्राच्या २०१९ च्या कायद्याची कलमं पहिल्या अर्जात लिहायला हवी होती. मी एमपीआयडीवरच भर दिला. ती कलमं दोषारोपपत्राच्या वेळी, आमच्या दुसऱ्या अर्जानंतर लागली. त्या कायद्यात फसवणुकीने परतफेड न करणाऱ्याला तीन ते दहा वर्षांची शिक्षा आहे, एमपीआयडीत सहा वर्षांपर्यंत. दोन्ही कायदे पहिल्यापासून लागले असते तर जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकिलांच्या हातात जास्त काही असतं.

भाच्याबद्दल मी अजून ठाम मत देऊ शकत नाही. त्याची वही नसती तर एकतीस कुटुंबांचे दावे कागदाविना राहिले असते. त्या एकतीसपैकी काहीजण आजही त्याला तोंडावर शिव्या देतात, आणि तेही चूक नाहीत. या वर्षी भाऊबीजेला बहीण आली. जेवणं झाल्यावर गुरुजींनी कपाटातून फाईल काढली आणि जमिनीच्या सुनावणीची पुढची तारीख भाच्याला लिहून दिली, कारण त्याचा जबाब त्याच दिवशी आहे.